निनांवी थडग्यांची ओळख

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या रणांगणावर सदाशिवराव भाऊ गर्दींत दिसेनासे झाले. पुढें प्रेतांच्या राशींत एक मस्तकहीन धड सांपडलें. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें या प्रसंगाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे, आणि त्यांतील एक तपशील आजच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासकालाहि कौतुक वाटावें असा आहे. तें धड भाऊसाहेबांचें कीं दुसऱ्या कोणाचें हें ठरविण्यासाठीं त्यांना जवळून ओळखणाऱ्या माणसांना विचारण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं तीन खुणा सांगितल्या. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पूर्वीं मुजफरखानानें केलेल्या कट्यारीच्या वाराचा पाठीवरील व्रण, आणि पायावरील शुभलक्षणी रेषा. तिन्ही जुळल्या. धडाला अग्नि देण्यांत आला. मागाहून मस्तक मिळालें, त्याचेंहि दहन झालें.

शास्त्राच्या दृष्टीनें येथें सर्व कांहीं यथास्थित झालें होतें. परंतु या खुणा ज्यांनीं पाहिल्या ते परक्यांच्या छावणींत होते. त्या धुमाळींतून जिवंत परत आलेल्या पार्वतीबाईंच्या हातीं त्यांपैकीं कांहींच आलें नाहीं, आणि १७८३ मध्यें त्या निवर्तल्या तोंपर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, त्यांनीं वैधव्याचीं चिन्हें अंगावर घेतलीं नाहींत. याच संशयाच्या फटींतून भाऊसाहेबांचा तोतया मराठी राज्यांत शिरला. त्यानें कोंकणांत केवढें बंड माजविलें आणि १७७६ मध्यें पुण्यास त्याचा अंत कसा झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. तोतयाला मानणारे सगळेच मूर्ख किंवा स्वार्थी होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याचें प्रेत घरच्यांनीं पाहिलें नाहीं तो परत येईल ही आशा मूर्खपणाची नसते. ती अगदीं स्वाभाविक असते. आपल्या धर्मशास्त्रकारांना मनुष्यस्वभावाची ही बाजू चांगली ठाऊक होती. म्हणून तर बारा वर्षें ज्याची वार्ता नाहीं त्याची पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि देण्याचा पालाशविधि त्यांनीं सांगून ठेवला. आशेला कोठें तरी मुदत घालून दिली पाहिजे, हा त्यामागील हेतु. कायद्यानें ही मुदत पुढें सात वर्षांवर आणली, एवढाच काय तो फरक.

युद्धांत, महापुरांत किंवा जहाज बुडालें असतां अशी अनिश्चितता ओढवते ती दैवयोगानें. विसाव्या शतकानें मात्र या बाबतींत एक नवाच शोध लावला. माणूस मारावयाचा, पण तो मेला हें कोणाला कळूं द्यावयाचें नाहीं. त्याचें नांव, त्याचें प्रेत आणि त्याचें मरण, सर्वच गिळून टाकावयाचें. १९४१ च्या डिसेंबरांत हिटलरच्या जर्मनीनें 'रात्र आणि धुकें' या काव्यमय नांवाचा एक हुकूम काढला. जिंकलेल्या मुलुखांतील विरोधकांना रातोरात उचलून न्यावें आणि घरच्यांना त्यांचा ठावठिकाणा कळूं देऊं नये, हा त्याचा आशय होता. फांसावर चढविलेला मनुष्य हुतात्मा होतो. नाहींसा झालेल्या माणसाच्या नुसत्या भीतीनें शेजारचीं दहा घरें गप्प बसतात. या हुकुमाचा पुरा विस्तार कोठें झाला असेल, तर तो दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना या देशांत.

२४ मार्च १९७६ रोजीं तेथील लष्करानें सत्ता बळकावली. जनरल विदेला, ॲडमिरल मासेरा व ब्रिगेडियर आगोस्ती या तिघांचें मंडळ राज्य करूं लागलें. यापूर्वीं देशांत सशस्त्र गटांनीं खून व अपहरणें केलीं होतीं हें खरें. पण त्यांचा बंदोबस्त हें निमित्त झालें आणि कामगारपुढारी, विद्यार्थी, वकील, धर्मोपदेशक, एवढेंच नव्हे तर नुसते ज्यांचें नांव कोणाच्या तरी पत्त्याच्या वहींत सांपडलें असे लोक रातोरात घरांतून उचलले जाऊं लागले. क्रमांकाची पाटी नसलेली मोटार यावी, साध्या वेषांतील माणसांनीं दार फोडावें, आणि दुसऱ्या दिवशीं पोलीस ठाण्यांत, छावणींत, न्यायालयांत सर्वत्र एकच उत्तर मिळावें कीं, असा कोणी इसम आमच्याकडे नाहीं. स्वतः विदेलानें १९७९ मध्यें वार्ताहरांना जें उत्तर दिलें त्याचा भावार्थ असा कीं, बेपत्ता मनुष्य मृतहि नाहीं आणि जिवंतहि नाहीं, त्याला अस्तित्वच नाहीं. राज्यकर्त्यानें भर सभेंत वेदान्ताची भाषा बोलावी आणि तिचा अर्थ खून असावा, असें उदाहरण इतिहासांत विरळा!

अशा स्थितींत ३० एप्रिल १९७७ रोजीं, शनिवारीं, ब्यूनोस आयर्स येथील प्लाझा दे मायो या चौकांत, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर, चौदा स्त्रिया जमल्या. त्यांची पुढारी आसुसेना विल्याफ्लोर ही साध्या कामगार कुटुंबांतील गृहिणी. तिचा मुलगा नेस्तोर व त्याची वाग्दत्त वधू यांना आदल्या वर्षीं नोव्हेंबरांत पकडून नेलें होतें. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितांना तिला तिच्यासारख्याच इतर आया भेटल्या, आणि एकेकटीनें रडण्यापेक्षां सर्वांनीं मिळून चौकांत उभें राहावें असें तिनें सुचविलें. जमावबंदी होती, पोलिसांनीं उभें राहण्यास मनाई करून चालूं लागा म्हणून दरडावलें. बायका दोघीदोघींनीं चालूं लागल्या, पण त्या चौकाच्या मधल्या स्तंभाभोंवतीं. पोलिसांच्या हुकुमांतून निघालेली ही प्रदक्षिणा पुढें दर गुरुवारीं सुरू झाली. त्याच वर्षीं एका यात्रेंत एकमेकींची ओळख पटावी म्हणून त्यांनीं डोक्यास बाळाच्या लंगोटाचें पांढरें फडकें बांधलें, आणि तेंच त्यांचें निशाण झालें.

या आयांमध्यें एक गोरागोमटा तरुण येऊं लागला होता. आपला भाऊ बेपत्ता आहे असें तो सांगे, आणि आसुसेनानें त्याला मुलासारखें जवळ केलें होतें. तो वस्तुतः नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस होता. ८ डिसेंबर १९७७ रोजीं सांता क्रूस या चर्चमध्यें वर्तमानपत्रांत बेपत्ता माणसांचीं नांवें छापण्यासाठीं वर्गणी गोळा होत असतां, त्यानें दाखवून दिलेल्या व्यक्तींना बाहेर पकडण्यांत आलें. त्यांत एस्तेर बालेस्त्रिनो व मारिया पोन्से या दोन आया होत्या आणि आलीस दोमों ही फ्रेंच जोगीण होती. १० तारखेस तें निवेदन छापून आलें, आणि त्याच दिवशीं आसुसेनाला तिच्या घराजवळ उचललें. दुसरी फ्रेंच जोगीण लेओनी द्यूके हिलाहि नेलें. त्या तीन दिवसांत एकूण बारा माणसें नाहींशीं झालीं. बेपत्ता मुलांना शोधणारी आई स्वतःच बेपत्ता झाली.

त्यानंतर दहाबारा दिवसांनीं, राजधानीच्या दक्षिणेस दूर सांता तेरेसिता नांवाच्या किनाऱ्यावर समुद्रानें कांहीं प्रेतें आणून टाकलीं. तेथील पोलिसांच्या वैद्यांनीं तपासून मरणाचें कारण लिहिलें: फार उंचीवरून कठीण वस्तूवर पडल्यानें झालेल्या इजा. समुद्रांत कोण, कोठून आणि कसें पडलें, हा प्रश्न त्या काळीं विचारावयाचा नव्हता. प्रेतें जवळच्या हेनेराल लावाये गांवच्या दफनभूमींत पुरण्यांत आलीं आणि वहींत नांवाच्या जागीं दोन अक्षरें पडलीं, 'एन. एन.', म्हणजे निनांवी. त्या वैद्यांनीं तरी आपलें काम चोख केलें, हें या काळ्या कथेंत नमूद करण्यासारखें आहे.

१९८२ मध्यें फॉकलंड बेटांच्या युद्धांत लष्कराचा पराभव झाला आणि १० डिसेंबर १९८३ रोजीं राउल आल्फोन्सिन हे निवडून आलेले अध्यक्ष अधिकारावर आले. त्यांनीं कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. तिनें १९८४ च्या सप्टेंबरांत ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद सादर केली व सुमारें ३४० गुप्त बंदिशाळा शोधून काढल्या. मानवी हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्था हा आंकडा ३०,००० मानतात. लोक दफनभूमींकडे धांवले. न्यायाधीशांनीं हुकूम काढले, खोदणाऱ्यांनीं फावडीं घेतलीं, कोठें कोठें तर माती उपसणारीं अवजड यंत्रें आणलीं गेलीं. हाडें भराभर वर येऊं लागलीं, पण तुटलेलीं, एकमेकांत मिसळलेलीं, दांत गळून पडलेलीं. सात वर्षें वाट पाहिलेल्या आईला एक पोतें दाखवावें आणि यांत तुझा मुलगा असेल किंवा नसेलहि म्हणून सांगावें, यासारखी क्रूर दया नाहीं. खुनी लोकांनीं जें राखून ठेवलें होतें तें न्यायाच्या उतावीळपणानें नष्ट होऊं लागलें.

अशा वेळीं, १९८४ मध्यें, चौकशी समिति आणि बेपत्ता नातवंडांना शोधणाऱ्या आज्या यांच्या विनंतीवरून अमेरिकेंतील शास्त्रज्ञांचें एक मंडळ ब्यूनोस आयर्सला आलें. त्यांत क्लाइड स्नो हा टेक्सासमध्यें जन्मलेला, छप्पन्न वर्षांचा मानववंशशास्त्रज्ञ होता. १९७९ मध्यें शिकागो येथें विमान कोसळून २७३ माणसें मेलीं, त्यांतील अवशेषांची ओळख पटविण्याचें काम त्यानें केलें होतें. हाडें वाचणें हा त्याचा धंदाच होता. यंत्रांनीं चाललेलें खोदकाम ताबडतोब थांबवा, हा त्याचा पहिला सल्ला. मग त्यानें त्या देशांतील अनुभवी पुरातत्त्वज्ञांचें साहाय्य मिळविण्याचा प्रयत्न केला. कोणी पुढें आलें नाहीं. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण लष्कर बराकींत परतलें होतें, नाहींसें झालें नव्हतें, आणि पुढचें बंड केव्हां होईल याचा नेम नव्हता. पुढें आले ते वैद्यकाचे व मानववंशशास्त्राचे पांचसहा विद्यार्थी. लुइस फोंदेब्रिदेर त्या वेळीं जेमतेम विशीचा होता. मेर्सेदेस दोरेत्ती, पात्रिसिया बेर्नार्दी अशा दोघी तरुण मुली होत्या. स्नोनें त्यांना जेवावयास नेलें आणि हें काम घाणेरडें, उदास करणारें व धोक्याचें आहे, असें स्पष्ट सांगितलें. त्यांनीं विचार करण्यास वेळ मागून घेतला आणि मग होकार दिला. खड्ड्याच्या कांठावर बेपत्त्यांचीं घरचीं माणसें उभीं असत आणि जवळच पोलीसहि उभे असत. त्या मुलांना स्नोनें एक नियम घालून दिला: दिवसा काम करावयाचें, रडावयाचें असेल तर तें रात्रीं.

हें काम कसें चालतें तें येथें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण त्याचें खरें मर्म त्याच्या संथपणांत आहे. प्रथम खड्ड्याच्या जागेची आखणी होते. मग करणी आणि ब्रश यांनीं मातीचा एकेक थर काढावयाचा. सांगाडा सबंध उघडा होईपर्यंत एकहि हाड हलवावयाचें नाहीं. गोळी कोणत्या बरगडीजवळ पडली होती, हात पाठीमागें बांधलेले होते काय, हें एकदां हाड उचललें कीं कायमचें पुसून जातें. सगळी माती चाळावयाची, कारण एखादा दांत किंवा गुंडी हीच पुढें ओळख ठरते. नंतर मोजमाप. कमरेच्या हाडांवरून स्त्री कीं पुरुष. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची. गळ्याशेजारील हांसळीचें टोंक जुळलें आहे कीं नाहीं यावरून विशीच्या आंतबाहेरचें वय. अशा रीतीनें मातींतून एक अर्धवट मनुष्य उभा राहतो: चोविसाच्या सुमाराचा, मध्यम उंचीचा, कधीं तरी डावा हात मोडलेला.

उरलेलें अर्धें काम दफनभूमींत होत नाहीं. तें एखाद्या घराच्या बैठकींत होतें. आईबापांसमोर वही उघडून विचारावयाचें: तो डावखोरा होता काय? लहानपणीं झाडावरून पडला होता काय? कोणती दाढ काढली होती? एखादी आई सांगते, त्याचें डोकें या दाराच्या चौकटीच्या एवढ्या खालीं येई, आणि मोजपट्टी तेथें लावली जाते. काशीराजाच्या काळच्या तीन खुणा आणि हे प्रश्न यांची जात एकच. जिवंतपणीं घरच्यांनीं जें पाहिलें तें, आणि मरणानंतर देहावर जें उरलें तें, यांचा मेळ घालावयाचा. फरक असेल तर हा कीं, येथें घरचीं माणसें दूर नसतात. त्यांच्या स्मृतीवांचून काम पुढें सरकतच नाहीं. नंतरच्या काळांत डी. एन. ए. ची परीक्षा आली, म्हणजे नातेवाइकाच्या रक्ताच्या थेंबाशीं हाडांतील वंशद्रव्य ताडून पाहणें, आणि ओळख पुष्कळ निश्चित झाली. तरी कोणत्या कुटुंबाचा थेंब कोणत्या हाडाशीं ताडावयाचा, हें ठरवितांना तीच जुनी वही लागते.

२२ एप्रिल १९८५ रोजीं लष्करी मंडळांच्या सदस्यांवर ब्यूनोस आयर्सच्या मुलकी न्यायालयांत खटला उभा राहिला, तेव्हां स्नोनें तेथें पडद्यावर एका तरुण स्त्रीची कवटी दाखविली. सरकारी कागदांत ती चकमकींत ठार झाली होती. कवटी सांगत होती कीं, बंदूक अगदीं जवळून झाडली गेली. शिवाय कमरेच्या हाडांवर प्रसूतीच्या खुणा आहेत, असें त्यानें सांगितलें. पकडली गेली त्या वेळीं ती गरोदर होती. मग मूल कोठें गेलें? हाडें खोटें बोलत नाहींत असें स्नो म्हणत असे. तें खरें, पण वाचणारा चुकूं शकतो. कमरेच्या हाडांवरील त्या खुणांवर आजचें शास्त्र तितका भरंवसा ठेवीत नाहीं. या प्रकरणीं मात्र अनुमान खरें ठरलें. त्या मुलाचा शोध २००८ मध्यें लागला. तोंवर तो तीस वर्षांचा झाला होता. ९ डिसेंबर १९८५ रोजीं विदेला व मासेरा यांना जन्मठेपेची शिक्षा झाली.

अशीं चोरलेलीं मुलें शेंकडों होतीं. त्यांच्या आज्यांनीं परदेशांतील शास्त्रज्ञांना असा प्रश्न विचारला कीं, आईबाप हयात नसतील तर आजीच्या रक्तावरून नातू ओळखतां येईल काय? मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं त्याचें गणित बसवून दिलें, आणि १९८७ मध्यें कायद्यानें या रक्ताच्या नमुन्यांचें राष्ट्रीय भांडार स्थापन झालें. आजवर सुमारें एकशें चाळीस नातवंडांना आपलें खरें नांव मिळालें आहे. विज्ञानाला प्रश्न नेहमीं पंडितच घालतात असें नाहीं.

येथपर्यंतची हकीकत ऐकून, अस्थि मिळाल्या म्हणजे सर्व आयांना समाधान झालें असेल, असें वाटण्याचा संभव आहे. तसें झालें नाहीं. १९८६ मध्यें या आयांत फूट पडली. हेबे दे बोनाफिनी यांच्या पक्षानें थडगीं उकरण्यास उघड विरोध केला. आमचीं मुलें जिवंत नेलीं, तीं जिवंत परत द्या, हें त्यांचें म्हणणें. हाडांची पेटी स्वीकारली कीं आई गप्प बसेल, फाइल बंद होईल, आणि मारणारा मोकळा सुटेल, ही त्यांची भीति होती. ही भीति पोकळ नव्हती. १९८६ च्या अखेरीस आणि १९८७ मध्यें दोन कायदे झाले. पहिल्यानें नव्या खटल्यांना मुदत घातली आणि दुसऱ्यानें वरिष्ठांचा हुकूम पाळणाऱ्या बहुतेकांना अभय दिलें. विदेलाहि १९९० मध्यें माफी मिळून सुटला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मुलगा मेला हें कळल्यानें लढा संपत नाहीं, आणि ज्या आईला पुरावयास कांहीं हवें आहे तिला तें नाकारण्याचा अधिकार इतर आयांना नाहीं. दोन्हींकडे आईच बोलत होती, आणि बाहेरच्या माणसानें येथें निवाडा करूं नये हेंच बरें. एवढें मात्र खरें कीं, या वादानें त्या तरुण पथकाला शिस्त लावली. कुटुंबाची इच्छा हाच आपल्या कामाचा पाया, असें त्यांनीं ठरवून टाकलें. 'अर्जेंटिना न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथक' या नांवानें त्यांनीं संस्था काढली आणि, शिक्षा होण्याची आशा मावळली असतांहि, खोदणें चालूं ठेवलें.

१९८८ ते १९९२ या काळांत आवेयानेदा येथील दफनभूमीच्या एका बंदिस्त कोपऱ्यांत त्यांनीं ३३० हून अधिक सांगाडे बाहेर काढले. पण त्यांची मोठी खाण जमिनींत नव्हती, दप्तरांत होती. सत्ता गुप्तपणें खून करीत होती तेव्हांहि तिचे कारकून नेहमींप्रमाणें नोंदी करीत होते. रस्त्यावर सांपडलेल्या निनांवी प्रेताचे ठसे घ्यावयाचे हा पोलिसांचा जुना शिरस्ता, आणि तो त्यांनीं सोडला नाहीं! ठसे घेतले, फाइलींत ठेवले, आणि नांव मुद्दाम लिहिलें नाहीं. यांत एक विलक्षण योग आहे. बोटांच्या ठशांवरून खुनाचा छडा जगांत प्रथम लागला तो १८९२ मध्यें, याच अर्जेंटिनांत, हुआन व्हुसेतिच याच्या पद्धतीनें. आपल्याकडे हर्शेलनें बंगालमध्यें ठशांचा प्रयोग त्याच्याहि आधीं, १८५८ पासून, चालविला होता आणि १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ज्या देशाला आपल्या ठशांच्या पद्धतीचा अभिमान, त्याच्याच पोलिसांनीं ती पद्धति पाळून आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच जपून ठेवला. पुढें हे ठसे ओळखपत्रांवरील ठशांशीं ताडून पथकानें अनेकांचीं नांवें लावलीं.

या मुलांची कीर्ति देशाबाहेर गेली. १९९२ मध्यें एल साल्वादोरमधील एल मोसोते या खेड्यांत त्यांनीं चर्चशेजारच्या एका लहान घराची जमीन उकरली. १९८१ च्या डिसेंबरांत तेथें लष्करानें गांव मारला, हें एक वांचलेली बाई सांगत होती आणि सरकार नाकारीत होतें. त्या एका खोलींतून १४३ सांगाडे निघाले. त्यांतील १३१ बारा वर्षांखालील मुलांचे होते. त्यानंतर नाकारण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख येथें केला पाहिजे, कारण तो याच्या अगदीं उलट आहे. फॉकलंडच्या युद्धांत पडलेल्या अर्जेंटिनी शिपायांचे देह माळरानांत विखुरलेले होते. १९८३ मध्यें जेफ्री कार्डोझो या तरुण इंग्रज कप्तानानें ते गोळा केले, प्रत्येक देह नीट गुंडाळून तो कोठें सांपडला याची नोंद केली, आणि डार्विन येथें दफनभूमि उभारली. ज्यांचें नांव कळलें नाहीं अशांच्या थडग्यांवर पाटी लागली कीं, हा अर्जेंटिनी शिपाई केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे. दोन्ही सरकारांत करार होऊन २०१७ मध्यें रेड क्रॉसनें तीं थडगीं उघडलीं. १२२ जणांचे अवशेष निघाले, आणि कप्तानाच्या काळजीमुळें ते इतके शाबूत होते कीं शंभराहून अधिक शिपायांना नांव मिळालें. डी. एन. ए. ची परीक्षा याच अर्जेंटिनी पथकाच्या प्रयोगशाळेंत झाली. शत्रूच्या अधिकाऱ्यानें जें केलें तें त्यांच्या स्वतःच्या लष्करानें आपल्या नागरिकांसाठीं केलें नव्हतें.

आतां पुनः त्या किनाऱ्याकडे वळावें. १९९५ मध्यें आदोल्फो शिलिंगो या नौदलाच्या अधिकाऱ्यानें एका पत्रकाराजवळ कबूल केलें कीं, कैद्यांना गुंगीचें औषध टोंचून, विमानांत घालून, जिवंतपणीं समुद्रांत फेंकण्यांत येई. कबुली मिळाली, पण देह नव्हता. समुद्र साक्ष देत नाहीं, या भरंवशावरच ती पद्धति उभी होती. पथकानें किनाऱ्यावरील गांवांच्या जुन्या वह्या वाचावयास घेतल्या; १९७७ च्या डिसेंबरांत हेनेराल लावाये येथें पुरलेल्या निनांवी प्रेतांच्या नोंदी त्यांना मिळाल्या. २००४ च्या अखेरीस खोदकाम सुरू झालें. हाडें भंगलेलीं होतीं, आणि तीं एका विशिष्ट रीतीनें भंगलेलीं होतीं: उंचावरून येऊन कठीण पृष्ठभागावर आदळल्यावर जशीं भंगतात तशीं. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या देहाला पाणी दगडासारखेंच असतें. सत्तावीस वर्षांपूर्वीं त्या गांवच्या वैद्यांनीं लिहिलेलें कारण शब्दशः खरें निघालें.

२००५ च्या जुलैंत नांवें जाहीर झालीं. आसुसेना विल्याफ्लोर, एस्तेर बालेस्त्रिनो, मारिया पोन्से. पाठोपाठ लेओनी द्यूके. ज्या आयांनीं शोधाला आरंभ केला, त्यांचाच शोध अशा रीतीनें लागला. याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें अभय देणारे ते दोन्ही कायदे रद्द ठरविले, आणि हीं भंगलेलीं हाडें पुराव्यांत आलीं. आस्तिसला २०११ मध्यें जन्मठेप झाली. विमानहि सांपडलें, तें विकलें जाऊन अमेरिकेंत फ्लॉरिडांत पोंचलें होतें, आणि त्याच्या उड्डाणांच्या नोंदी शाबूत होत्या. त्यांत १४ डिसेंबर १९७७ च्या रात्रींचें, ब्यूनोस आयर्सहून निघून तेथेंच परतलेलें, तीन तासांहून अधिक वेळाचें एक उड्डाण होतें. तें करणाऱ्या वैमानिकांना २०१७ च्या नोव्हेंबरांत जन्मठेप झाली. २०२३ मध्यें तें विमान मायदेशीं आणलें गेलें. पूर्वीं जेथें गुप्त बंदिशाळा होती त्या नौदलाच्या यंत्रशाळेच्या आवारांत तें ठेवलेलें आहे.

त्या पथकानें अर्जेंटिनांत आजवर आठशेंहून अधिक बेपत्त्यांना नांव दिलें आहे. हजारों उरले आहेत. त्यांतले कित्येक समुद्रांत गेले, ते कधींच मिळणार नाहींत.

आसुसेनाच्या अस्थींचें काय करावें हें तिच्या मुलांनीं ठरविलें. ८ डिसेंबर २००५ रोजीं प्लाझा दे मायोच्या मधल्या स्तंभाच्या पायथ्याशीं तिची रक्षा पुरण्यांत आली. त्याच स्तंभाभोंवतीं तिनें आयांना पहिल्या प्रदक्षिणेस नेलें होतें. एस्तेर, मारिया व लेओनी यांना सांता क्रूस चर्चच्या बागेंत ठेवलें आहे. आलीस दोमोंच्या अस्थि अद्याप मिळालेल्या नाहींत.